विद्युतदाबाने चुंबकाची दिशा पालटणारे पातळ थर

संगणकातील माहिती चुंबकाच्या दिशेत साठवता येते, हे हार्ड डिस्कमुळे आपल्या परिचयाचे आहे. मात्र ती दिशा पालटण्यास वीजप्रवाह लागतो आणि प्रवाह म्हटला की उष्णता आलीच. केवळ विद्युतदाबाने हे काम साधेल काय? 'मल्टिफेरॉइक' पदार्थांविषयीच्या कुतूहलाचे मूळ या प्रश्नात आहे. त्यांच्यात विद्युत ध्रुवीकरण व चुंबकीय रचना एकत्र नांदतात. पण बहुतेकांत अतिशीत तापमानालाच. बिस्मथ फेराइट हा ठळक अपवाद.

२००३ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात रामामूर्ती रमेश यांच्या गटाने या संयुगाचा पातळ थर स्ट्राँशियम टायटेनेटच्या स्फटिकावर वाढवला. त्याचे ध्रुवीकरण पूर्वी ठोकळ्यात मोजलेल्या मूल्याच्या सुमारे दसपट भरले. (पुढे निर्दोष स्फटिकांतही तेवढेच आढळले, उणीव पदार्थाची नव्हे, जुन्या नमुन्यांची होती!)

अडचण अशी, की यातील शेजारच्या अणूंची चुंबकत्वे परस्परविरुद्ध असल्याने एकूण चुंबकत्व नगण्य उरते. म्हणून त्यावर कोबाल्ट-लोहाचा थर चढवतात. विद्युतदाबाने खालचा थर पालटला की वरचा चुंबकही त्यामागे वळतो. २०१४ मध्ये रमेश व सहकाऱ्यांनी हे सामान्य तापमानाला घडवून दाखवले. २०१८ मध्ये इंटेलच्या संशोधकांनी याच तत्त्वावर 'मेसो' हे तर्कमंडल सुचवले. लक्ष्य १०० मिलिव्होल्टचे. मात्र थरांतून होणारी वीजगळती आणि वारंवार पालटल्याने येणारा थकवा ही दोन दुखणी अद्याप पुरती हटलेली नाहीत.