बुजऱ्या कुत्र्याची नखे घरच्या घरी कशी कापावीत

गोंदिया हा धानाचा जिल्हा आहे. येथे बांध्या, बोड्या व मामा तलाव यांच्या लगतच जंगल लागते. त्यामुळे रानडुकरांची चाहूल देणारा व रात्री कोठ्याची राखण करणारा कुत्रा पुष्कळ घरी पाळलेला आढळतो. शेतकरी त्याच्या अन्नपाण्याची काळजी घेतो. पण त्याच्या नखांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

मुरमाच्या वाटेने रोज धावणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात. जो कुत्रा दिवसभर साखळीला बांधलेला असतो, सारवलेल्या अंगणात बसून राहतो, किंवा पावसाळ्यात मऊ चिखलातूनच फिरतो, त्याची नखे झिजत नाहीत. पुढील पायाच्या आतील बाजूस किंचित वर असलेले पाचवे नख तर जमिनीला टेकतच नाही. ते वाढून वळते व शेवटी मांसात रुतते. रोवणीच्या दिवसांत अशा जखमेवर माशी बसून अळ्या पडतात. बाकीची नखे लांबली म्हणजे बोटे वाकडी होतात, चाल बिघडते आणि सांध्यांवर ताण येतो.

नखे वाढल्याची खूण

कुत्रा सपाट जागी उभा असता त्याची नखे जमिनीला टेकू नयेत. फरशीवर चालताना टकटक असा आवाज येऊ लागला, तर नखे कापण्याची वेळ झाली असे समजावे. सामान्यतः तीन ते चार आठवड्यांनी नखे पाहावीत.

जिव्हाळी कोठे असते

नखाच्या आत रक्तवाहिनी व मज्जातंतू असलेला जो नाजूक भाग असतो, त्यास जिव्हाळी म्हणतात. ती कापली गेल्यास रक्त येते व तीव्र वेदना होते. पुष्कळ कुत्री नखे कापण्यास भितात, त्याचे कारण अशी एखादी जुनी वेदना हेच असते. पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते. तिच्या अलीकडे सुमारे दोन मिलिमीटर अंतर राखून कापावे. काळ्या नखात ती दिसत नाही. म्हणून टोकाकडून पातळ पातळ चकत्या काढाव्यात आणि प्रत्येक वेळी कापलेला भाग पाहावा. मध्यभागी गडद ठिपका दिसू लागताच थांबावे. फार वाढलेले नख एकाच दिवशी आखूड करण्याचा हट्ट धरू नये. वरचेवर थोडे थोडे कापल्यास जिव्हाळीही हळूहळू मागे सरते.

भीती कशी घालवावी

गोऱ्ह्याला कोणी पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. त्याच्या मानेला आधी जुवाची सवय करतात. कुत्र्याच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा. जी व्यक्ती त्याला रोज खाऊ घालते, तिनेच हे काम करावे.

पहिल्या आठवड्यात कुत्र्याच्या खांद्यापासून पंजापर्यंत हात फिरवावा, पंजा क्षणभर धरावा व लगेच त्याच्या आवडीचा घास द्यावा. उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा पुरेसा होतो. दुसऱ्या आठवड्यात बोट हलकेच दाबून नख पुढे आणावे. कात्री त्याला हुंगू द्यावी. तिने जवळच सुकी काडी कापून आवाजाची सवय करावी. प्रत्येक वेळी घास द्यावाच. तिसऱ्या आठवड्यात एकच नख कापून थांबावे. कुत्र्यास सामान्यतः अठरा नखे असतात. रोज एक कापले तरी अठरा दिवसांत सर्व पुरी होतात व पुढील फेरीची वेळ येते. कुत्रा घाबरल्यास मागील पायरीवर परत यावे.

ओठ चाटणे, वारंवार जांभई देणे, कान मागे पाडणे, शेपूट पोटाशी घेणे, अंग ताठ करणे या भीतीच्या खुणा होत. गुरगुरणे हा इशारा आहे. त्याबद्दल कुत्र्यास मारू नये. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढे इशारा न देताच चावतो.

प्रत्यक्ष कृती

कुत्र्याच्या नखांसाठी मिळणारी धारदार कात्री वापरावी. विळा, पाते किंवा बोथट पक्कड वापरू नये. सकाळी, कुत्रा फिरून शांत झाला असता, गोणपाटावर त्यास उभे करावे व मुलांना दूर ठेवावे. नालबंद घोड्याचा पाय मागे वळवतो, तसा पंजा हलक्या हाताने मागे वळवावा. कात्री न दिसल्याने पुष्कळ कुत्री शांत राहतात. पाचवे नख विसरू नये.

रक्त आल्यास तुरटीची बारीक पूड लावून स्वच्छ कापडाने पाच मिनिटे दाबून धरावे. तरीही रक्त न थांबल्यास, नख मांसात रुतले असल्यास किंवा अळ्या पडल्या असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

चौघांनी कुत्र्यास दाबून धरणे किंवा त्याचे पाय बांधणे यांमुळे भीती वाढतेच. माणसांची झोपेची औषधे त्यास कधीही देऊ नयेत. गुंगीची गरज असल्यास ती पशुवैद्यकच देईल. तोंडास पट्टी बांधणे भाग पडल्यास ती थोड्याच मिनिटांत सोडावी. कुत्रा तोंडाने धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून उन्हाच्या वेळी तोंड बांधणे धोक्याचे असते.

चावल्यास

कुत्र्यास दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी व त्यानंतरच या कामास हात घालावा. तरीही दात लागला किंवा रक्त येईल असा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. जखमेवर चुना, तिखट किंवा हळद लावू नये. लुई पाश्चर यांनी 1885 साली या रोगावरील लस प्रथम माणसास टोचली. तेव्हापासून वेळेवर लस घेणाऱ्याचा जीव वाचू शकतो. पण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही.

माणसाळलेला कुत्रा एकाएकी क्रूर झाला, त्याची लाळ गळू लागली किंवा त्यास गिळता येईनासे झाले, तर तो बुजरेपणा समजू नये. अशा कुत्र्याच्या जवळ जाऊ नये व पशुवैद्यकास ताबडतोब कळवावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गावातील लसीकरणाच्या दिवशी पशुवैद्यकाच्या मदतीने नखे तपासण्याचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. लस व नखे ही दोन्ही कामे एकाच दिवशी लोकांच्या ध्यानात आणून देता येतील.