ट्रेलर ओढायला कुठली गाडी? मायलेजइतकाच घाटाचाही विचार करा

बेळगाव, प्रतिनिधी : शहापुरातले दोन भाऊ गेले दोन महिने एकाच प्रश्नावर अडून बसलेत. सुट्टीत कुटुंबाला घेऊन कोकण-गोवा फिरायचं, हॉटेल शोधत बसायचं नाही, म्हणून दोघा-तिघांना झोपता येईल असा एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर घ्यायचं ठरलंय. ट्रेलरवर एकमत आहे. तो ओढणाऱ्या गाडीवर नाही. धाकट्याला २५ च्या पुढं मायलेज देणारी हायब्रीड पाहिजे. थोरला म्हणतो, "घाट चढताना तुझी बॅटरी दम सोडणार. डिझेलच घ्यायची."

वाद मिटवायला दोघं उद्यमबागेतल्या ओळखीच्या मेस्त्रीकडं गेले. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि एवढंच बोलला, "गाडी ओढतीय का ते विचारायला सगळेच येतात हो. थांबतीय का, हे कोण विचारत नाही."

आता असे ट्रेलर घ्यायचा विचार करणारे आपल्या भागातही दिसू लागलेत. गाडी म्हणजे दहा-पंधरा लाखांचा मामला. एकदा चुकीची घेतली की सात-आठ वर्षं सुटका नाही. त्यामुळं हा हिशेब आधी कागदावर मांडलेला बरा.

कंपनीचं मायलेज कुठून येतं?

शोरूममध्ये सांगतात तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या पद्धतीनं चालवतात. त्या चाचणीत वेग ९० च्या वर जात नाही आणि सरासरी वेग ताशी ३०-३२ किलोमीटरच्या आसपास असतो. चाचणीत घाट नसतो, समोरचा वारा नसतो आणि मागं ट्रेलर तर नसतोच. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रीडचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. तो खोटा नाही, पण तो रिकाम्या पाठीचा आकडा आहे. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो चालतो. ट्रेलरसह तेवढं मिळेल असं धरून चाललात तर फसगत होणार.

सपाटीवर वारा, घाटात वजन

ट्रेलर तेल कशात खातो, हे कळलं की निम्मा प्रश्न सुटतो. एक उदाहरण घेऊ. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून १,७०० किलो. भरलेला ट्रेलर ६०० किलो. एकूण २,३०० किलो.

सपाट रस्त्यावर ट्रेलरला दोन गोष्टी अडवतात. एक टायरचं घर्षण, दुसरा वारा. ढोबळ हिशेबानं डिझेल गाडीला ताशी ६० वेगानं ट्रेलरपायी १०० किलोमीटरला दोन लिटरच्या आत-बाहेर जादा तेल लागतं. वेग ८० केला की तेच पावणेतीन लिटरवर जातं. वजन तेच, ट्रेलर तोच, फक्त वेग वाढला. कारण वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. उलट ट्रेलरमधलं १०० किलो सामान कमी केलं, तर सपाटीवर १०० किलोमीटरला अर्धा ग्लास तेलसुद्धा वाचत नाही.

म्हणजे हुबळी किंवा कोल्हापूरच्या हायवेवर तेल वाचवायचं असेल, तर ट्रेलर बुटका पाहिजे आणि पाय हलका पाहिजे. गाडीच्या उंचीच्या आत राहणारा, पाठीमागं निमुळता होत जाणारा ट्रेलर गाडीच्या आडोशानं चालतो. गाडीपेक्षा दोन फूट उंच असलेली चौकोनी पेटी वारा छातीवर घेत जाते. ट्रेलर निवडताना केलेली ही बचत कुठल्याही इंजिनपेक्षा स्वस्त पडते.

घाटात मात्र उलटं. तिथं वेग कमी, त्यामुळं वारा गौण. तिथं वजन बोलतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. समुद्रकिनाऱ्यावरून घरी यायचं तर चोर्ला घ्या, आंबोली घ्या की अनमोड घ्या, तेवढी चढण कुठंतरी चढावीच लागते. २,३०० किलो वजन ७५० मीटर वर न्यायला, फक्त त्या चढापोटी, दीड लिटरच्या आसपास डिझेल लागतं. त्यात ट्रेलरचा वाटा अर्ध्या लिटरच्या आत.

एवढंच? होय, एवढंच. तेलाच्या दृष्टीनं घाट फार महाग नाही. घाटाचा खरा प्रश्न तेलाचा नाहीच.

चढताना टॉर्क, त्यातही कुठल्या आरपीएमवर

घाट चढायला प्रचंड हॉर्सपॉवर लागते हा गैरसमज. मध्यम चढावर ताशी ४० वेगानं हे सगळं वजन ओढायला २५ ते ३० हॉर्सपॉवर पुरतात. आजकालच्या छोट्या गाडीतही त्याच्या तिप्पट ताकद असते. प्रश्न येतो तो वळणावर. समोर ट्रक आला, गाडी थांबली आणि चढावरच पुन्हा उचलायची वेळ आली, की खरी परीक्षा. तेव्हा इंजिन कमी फेऱ्यांवर असतं आणि ताकद तिथंच पाहिजे असते.

इथं डिझेलचा फायदा दिसतो. क्रेटा, व्हेन्यू या गाड्यांतलं १.५ लिटर डिझेल इंजिन १,५०० आरपीएमपासूनच २५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. मारुतीच्या १.५ लिटर साध्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १३७ च्या घरात आणि तोही ४,४०० आरपीएमवर. म्हणजे पेट्रोलवाल्याला इंजिन ओरडेपर्यंत ताणावं लागतं आणि क्लच अर्धा दाबून धरावा लागतो. एक-दोनदा चालतं. दर सुट्टीत केलं तर क्लच प्लेटचा वास येणारच.

छोटं टर्बो पेट्रोल मधला मार्ग वाटतो. टॉर्क खालूनच मिळतो, पण सतत भार पडला की तेही तेल पितं.

हायब्रीडचं काय? शहरात थांबत-चालत ती भरपूर वाचवते, कारण ब्रेकची वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते. पण तिची बॅटरी लहान असते. लांब चढावर ती लवकर रिकामी होते आणि पुढचा भार पेट्रोल इंजिनालाच घ्यावा लागतो. थोरल्या भावाचं म्हणणं इथं बरोबर आहे. मात्र गाडी वर्षभर शहरातच फिरणार असेल आणि ट्रेलर हलका, ३०० किलोच्या आतला असेल, तर धाकट्याचंही चुकत नाही. अर्थात गाडीच्या माहितीपुस्तकात ओढायला परवानगी असली तरच.

इलेक्ट्रिक गाडीला टॉर्कची कमी नाही आणि उतारावर ती बॅटरी भरून घेते. पण ट्रेलर जोडला की एका चार्जमधलं अंतर खूप घटतं, बऱ्याचदा निम्म्यावर येतं. चार्जिंगच्या जागी ट्रेलरसकट गाडी लावणंही सोपं नाही.

गिअरबॉक्सही बघा. एएमटी आणि ड्राय क्लचची डीसीटी चढावर रांगताना तापते. मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक या कामाला बरी. आणखी एक, ट्रेलरची दांडी गाडीची शेपूट खाली दाबते, म्हणजे पुढची चाकं हलकी होतात. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पावसात, ओल्या चढावर चाकं घसरू शकतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा या मागच्या चाकांवर चालतात, त्यांना हा त्रास कमी. पण त्या जड असल्यानं रोजच्या वापरात तेल जास्त खातात.

उतरताना काय?

आता मेस्त्रीच्या बोलण्याकडं वळू. चढताना जी ऊर्जा इंजिन देतं, तीच उतरताना कुणीतरी शोषावी लागते. बेळगावहून समुद्राकडं उतरताना २,३०० किलोची ही ऊर्जा एवढी असते, की तिच्यात ५० लिटर पाणी उकळेल. थोडी टायर आणि वारा खातो. उरलेली एक तर इंजिन ब्रेकिंगनं जिरते, नाहीतर ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन बसते. एकट्या ट्रेलरचा वाटा घागरभर पाणी उकळण्याइतका. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर ही घागरही गाडीच्याच ब्रेकवर उकळते.

ट्रेलरला ब्रेक असण्यानं किती फरक पडतो? आपल्याकडं बनणारी जिम्नी ऑस्ट्रेलियात विकली जाते. तिथं तिची ओढायची अधिकृत मर्यादा ब्रेक असलेल्या ट्रेलरला १,३०० किलो आणि ब्रेक नसलेल्याला फक्त ३५० किलो आहे. गाडी तीच, इंजिन तेच. फरक सगळा थांबण्याचा. युरोपातही ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत.

म्हणून साधा नियम धरा. भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याच्या आत ठेवा. ब्रिटनमध्ये नवख्यांना ८५ टक्क्यांपर्यंतचा सल्ला देतात, पण तिथल्या रस्त्यांवर आपले घाट नाहीत. ट्रेलर ४०० किलोच्या वर जात असेल तर ब्रेकवालाच घ्या. आणि ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल टाकून तेल वाचवायची सवय असेल तर ती घाटाच्या वरच सोडून या.

पैशाचा हिशेब

समजा वर्षाला गाडी १०,००० किलोमीटर फिरते. त्यातले १,५०० किलोमीटर ट्रेलरसह. पेट्रोल १०० रुपये आणि डिझेल ९० रुपये धरू. पेट्रोल गाडी एरवी १४ आणि ट्रेलरसह १० देते, डिझेल एरवी १८ आणि ट्रेलरसह साडेबारा देते, असं मानू.

पेट्रोलचा वर्षाचा खर्च ७५,७०० रुपयांच्या आसपास येतो, डिझेलचा ५३,३०० च्या आसपास. फरक २२,४००. डिझेल गाडीला दीड लाख जादा मोजले असतील तर ते वसूल व्हायला पावणेसात वर्षं लागतात.

यात ट्रेलरचा वाटा किती? ट्रेलरपायी पेट्रोल गाडीला वर्षाला ४,३०० रुपये जादा लागतात, डिझेलला ३,३००. फरक जेमतेम हजार रुपयांचा. म्हणजे "ट्रेलर ओढायचाय म्हणून डिझेल परवडेल" हे गणित चुकीचं. डिझेल परवडतं ते वर्षभराच्या फिरण्यावर. फिरणं कमी असेल तर पैशासाठी डिझेल घेऊ नका. घाटातल्या ओढीसाठी आणि इंजिन ब्रेकिंगसाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण कारण स्वतःशी स्पष्ट ठेवा.

पैसे देण्याआधी

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलंय. त्याला नोंदणी लागते, नंबर लागतो, विमा लागतो. आपल्याकडं केए २२ ची गाडी दुपारी एमएच ०७ मध्ये आणि संध्याकाळी गोव्यात असते. एका दिवसात तीन राज्यांचे पोलीस भेटू शकतात. त्यामुळं कुणी वेल्डिंग करून स्वस्तात ट्रेलर देतो म्हणाला, तरी आगाऊ रक्कम द्यायच्या आधी आरटीओत जाऊन कुठली कागदपत्रं लागतात ते विचारा. ती कागदं बनवणाऱ्याकडून मिळणार का, हे लेखी घ्या.

गाडीच्या माहितीपुस्तकात ट्रेलर ओढण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काही पुस्तकांत सरळ मनाई असते. तशा गाडीला बाहेरून हुक बसवला तर वॉरंटी आणि विम्याचा दावा दोन्ही अडचणीत येऊ शकतात. विमा कंपनीलाही आधी कळवा.

सामान भरताना जड वस्तू चाकांच्या वर किंवा किंचित पुढं ठेवा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर आला पाहिजे. ६०० किलोला ६० किलो, आणि हे ६० किलो डिकीतल्या सामानातच मोजायचे. मागं जड झालं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तसं झालं तर घाबरून ब्रेक मारू नका, स्टिअरिंग फिरवू नका. सरळ धरून ठेवा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा.

मग शहापुरात काय ठरलं?

दोघा भावांनी वर्षाचं फिरणं मोजलं, ते १२,००० किलोमीटर निघालं. अर्ध्याहून जास्त हायवेचं. हायब्रीड मागं पडली आणि मॅन्युअल डिझेलवर बोट आलं. धाकट्यानं मान्य केलं, पण एक अट घातली. "दादा, डिझेल तुझ्या मनासारखं. पण ट्रेलर ब्रेकवाला आणि बुटका, तो माझ्या मनासारखा."

आता गाडीच्या आधी ट्रेलरच्या कागदांसाठी आरटीओत खेपा सुरू आहेत.