थर्माकोलची दहा-बारा वर्षं

८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन झालं, डिसेंबरात तिथून प्रवासी विमानं सुटायला लागली आणि रिमोटची विमानं उडवायची उलव्याकडची आमची शेवटची मोकळी जागा गेली. ‘ड्रोन नियम २०२१’नुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. नियम योग्यच आहे. माणसं घेऊन उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत कुणी खेळू नये. पण रे रोडच्या प्लॉटवरून उठवले गेलेले आम्ही हौशी विमानवाले, जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू झाल्यावर शिवडीहून पलीकडे जाऊन कशीबशी हौस भागवत होतो. आता तेही संपलं. रिमोटच्या कसरती विमानाचा खेळ गिरणगावात कसा रुजला, कुणाच्या हातांनी रुजला, ते लिहून ठेवायची वेळ आली आहे. हल्लीच्या मुलांना वाटतं, हे सगळं परदेशातून खोक्यात बंद होऊन आलं. तसं ते आलेलं नाही.

थर्माकोलच्या आधीच्या तीस-चाळीस वर्षांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्सा लाकडाची ग्लायडरं व्हायची. मिथेनॉलवर चालणारी, कानठळ्या बसवणारी इंजिनं होती. लाकूड बाहेरून यायचं, इंजिन बाहेरून, रिमोटही बाहेरून. खेळ ज्यांना परवडायचा त्यांचा होता, लालबाग-परळच्या पोरांनी तो लांबून बघायचा.

२००० सालानंतरच्या काही वर्षांत जगभर तीन गोष्टी जवळपास एकदम हाताशी आल्या: वजनाला हलकी लिथियम-पॉलिमर बॅटरी, ब्रश नसलेली मोटर आणि फोमच्या पत्र्यातून कापलेलं चपटं विमान. युरोप-अमेरिकेत त्यासाठी डेप्रॉन नावाचा गुळगुळीत फोम मिळायचा. इथे डेप्रॉन कोण देणार? पण इथे थर्माकोल होता, आणि थर्माकोल कापणारे असे हात होते की जगात दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही.

गणपतीच्या आधी दोन-तीन महिने लालबाग, परळ, गिरगावातल्या गल्ल्यांत मखरांचे कारखाने चालायचे. लाकडी चौकटीत ताणलेली निक्रोमची तार, तिला ट्रान्सफॉर्मरमधून बारा-पंधरा व्होल्ट, आणि त्या तापलेल्या तारेतून कारागीर थर्माकोलचा ठोकळा लोण्यासारखा काढायचा. महिरप, कमळ, मोराचा पिसारा, सगळं त्याच तारेवर. आमच्यासाठी त्याच ठोकळ्याचे सहा मिलिमीटरचे पत्रे निघायचे. त्यासाठी दोन माणसं समोरासमोर उभी राहून एका गतीने तार ओढायची. एकाचा हात जरा थांबला की तिथे खड्डा पडायचा. तार किती तापली आहे हे कारागीर वासावरून सांगायचे. मीटर लावायची त्यांना कधी गरज पडली नाही.

मोटरची गोष्ट याहून मोठी आहे. तयार मोटर महाग होती आणि मिळतही नव्हती. तेव्हा जगभरच्या हौशी मंडळींनी जुन्या सीडी ड्राइव्हमधली मोटर उघडून नव्याने भरायला सुरुवात केली होती. लॅमिंग्टन रोडच्या भंगारात तसे ड्राइव्ह हवे तेवढे मिळायचे. त्या मोटरला आत नऊ दात असतात. मूळची केसासारखी तार काढून प्रत्येक दातावर जाड तार भरायची, बाहेरच्या वाटीत कमकुवत चुंबकाच्या जागी निओडिमियमची बारा चुंबकं आलटून-पालटून चिकटवायची. काड्यापेटीत मावणारी ती मोटर मग पाव किलोचं विमान हवेत उभं धरते.

हे आम्हाला ज्यांनी शिकवलं ते काका रे रोड स्टेशनजवळच्या एका गाळ्यात पंपांच्या आणि लेथच्या मोटरी भरायचे. दहा हॉर्सपॉवरची मोटर ज्यांच्या हाताखालून जायची, त्यांनी डोळ्याला भिंग लावून अंगठ्याएवढी मोटर भरली. ‘‘सैल भरू नकोस रे. गरम झाली की तार तारेला घासते आणि इनॅमल जातं. मग बस रडत,’’ म्हणायचे. स्टार जोडणी केली तर फेरे कमी आणि जोर जास्त, डेल्टा केली तर उलट, हे मला पुस्तकाआधी त्यांनी सांगितलं. विमानाच्या नाकावरचा मोठा पंखा सावकाश फिरवायचा म्हणून आमची जोडणी स्टार.

विमान असं व्हायचं: ऐंशी सेंटिमीटरचा सपाट पंख, एक उभा आणि एक आडवा पत्रा एकमेकांत खोवून केलेलं अंग. पंखात आकाशकंदिलाची कामटी बसवायची, म्हणजे तो वळत नाही. बिजागरीच्या जागी सेलोटेप. पाती हलवायला नऊ-नऊ ग्रॅमचे सर्वो. झटपट चिकटणारा गोंद थर्माकोल खाऊन टाकतो, म्हणून फेव्हिकॉल लावून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. थर्माकोल जेमतेम पन्नास ग्रॅम भरायचा, बॅटरीसकट सगळं मिळून पावणेतीनशे. पंख्याची ओढ साडेचारशेच्या वर. म्हणजे पंखावर न तरंगता, नुसत्या पंख्याला लटकून विमान राहू शकतं.

त्या लटकण्याला आम्ही ‘हँग’ म्हणायचो. नाक आभाळाकडे, शेपूट जमिनीपासून हातभर वर, आणि विमान जागच्या जागी. वेग शून्य असला तरी पंख्याचा वारा शेपटीच्या मोठ्या पात्यांवरून जात असतो, म्हणून ती पाती काम करतात. पंखा एका दिशेने फिरतो तसं विमान उलट दिशेला गिरकी घ्यायला बघतं. त्याचं पोट आपल्याकडे वळलं की रडरचं डावं-उजवं उलटं होतं. डावा अंगठा थ्रॉटलवर सारखा टिचक्या मारत असतो; जरा जास्त दिलं की वर जातं, कमी दिलं की बसतं. डोळा आणि बोट यांच्यामध्ये विचाराला वेळच नसतो. ज्याने हे एकदा साधलं, त्याचे हात आयुष्यभरासाठी बदलतात.

उडवायचो ते रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, दारूखान्याच्या अंगाला, एका मोकळ्या प्लॉटवर. उजाडताना, वारा पडलेला असताना. आठ वाजले की वारा सुटायचा आणि असलं चपटं विमान पतंगासारखं वाहून जायचं. घारी यायच्या, विमानाभोवती एक-दोन घिरट्या घालून त्याची परीक्षा घ्यायच्या. जहाजं तोडणारे कामगार कामावर जाता जाता थांबायचे. विमान नाक वर करून त्यांच्यासमोर उभं राहिलं की टाळ्या पडायच्या. २००६-०७ ते २०१८, ही आमची वर्षं.

इथे एक जुना हिशेब आहे. इंजिनवाल्या, बाल्सावाल्या मंडळींनी आमच्या विमानाला ‘पॅकिंग’ म्हटलं. टीव्हीच्या खोक्यात येतं ते, म्हणून. त्यांच्या विमानांना धावपट्टी लागायची, आमचं विमान दोन गोदामांमधल्या जागेत नाचायचं. त्यांची कसरत लांबून बिंदूएवढी दिसायची, आमची दहा फुटांवर. पुढे त्यांनीही फोमची तयार विमानं विकत घेतली, पण तो शब्द कुणी मागे घेतला नाही. तो मला अजून लागतो. माझ्यासाठी नाही, त्या तारवाल्या कारागिरांसाठी आणि काकांसाठी.

उडणाऱ्या वस्तूंबद्दलची भीती कुठून आली ते आम्हाला कुणी समजावायला नको. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री वाडीबंदरला टॅक्सीत स्फोट झाला, तो आमच्या शेजारी. ७ ऑक्टोबर २०१४ला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी मानवरहित विमानांवर सरसकट बंदी घातली. शहरात पोलिसांचे मनाई आदेश निघू लागले, आणि ड्रोन, रिमोटवरची हलकी विमानं, पॅराग्लायडर, गरम हवेचे फुगे असं सगळं त्यांत एका ओळीत बसलं. मुदत संपली की नवा आदेश. २३ मार्च २०१८ला राज्याची प्लास्टिक-थर्माकोल बंदी आली. शिवडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांत अडकलेला थर्माकोल मी पाहिला आहे, त्यामुळे त्या बंदीविरुद्ध मी बोलणार नाही. पण कारखाने बंद झाले, मखरं पुठ्ठ्याची झाली, आणि वासावरून तार ओळखणारा माणूस वॉचमनची नोकरी करायला लागला. त्याच्या हाताचं मोल कुणी केलं नाही. आमच्या प्लॉटलाही पत्रे ठोकले गेले.

आज मुलांच्या हातात ड्रोन आहेत. रिमोटची काठी सोडली तरी ते जागेवर उभे राहतात. उभं राहण्याचं काम चिप करते, मुलगा पडद्यात बघतो. कॅमेरा असलेलं, मैलभर जाणारं ते यंत्र आणि डोळ्यासमोर पन्नास फुटांत फिरणारं आमचं कॅमेऱ्याविना विमान यांना एकाच आदेशात कोंबणं हा अन्याय आहे. आणि केंद्राच्या नियमांत फरक केलेला आहे. २५ किलोपर्यंतचं, शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं विमान ‘मॉडेल’ म्हणून वेगळं धरलं आहे, त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. देशाने ओळखलेला फरक शहराने ओळखू नये?

बंदराच्या जमिनीच्या विकासाचे आराखडे वर्षानुवर्षं निघताहेत. त्यांत बागा असतात, जेट्टी असते. आमचं मागणं एवढंच: पूर्व किनाऱ्यावर एका मैदानाएवढी जागा, सकाळी सहा ते आठ, शंभर फुटांची मर्यादा, उडवणाऱ्यांची नावं पोलिसांकडे नोंदवलेली, वजन अर्ध्या किलोच्या आत. शेजारी एक शेड, चार टेबलं, मोटर भरायचं सामान. थर्माकोल नको असेल तर पुठ्ठ्याचं करू, पुठ्ठ्याचीही विमानं उडतात. शिकवायला माणसं आहेत. काका चिपळूणला असतात, नजर अधू झाली आहे, पण तार किती ताणायची ते बोटांना कळतं. मागच्या महिन्यात फोनवर विचारलं तर म्हणाले, जागा मिळाली की कळव, गाडी सकाळची पकडतो.