उगमाचे दोन हेक्टर

गडहिंग्लजला आमच्या लहानपणी हिरण्यकेशीला कोणी नावाने हाक मारत नसे. ती नुसती ‘नदी’ होती. धुणे नदीवर, गणपती नदीत, बैल नदीला. तिला एवढे देखणे नाव आहे, सोनेरी केसांची असा त्याचा अर्थ आहे, हे शाळेत भूगोलाच्या बाईंनी सांगितले तेव्हा कळले. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे घातले जात आणि नदीचे तळे होई. मार्चमध्ये त्या तळ्यावर हिरवी साय धरे. नदी अशीच असते, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती.

ही समजूत मोडली ती आंबोलीत. संकेश्वर-बांदा रस्ता नदीची बरीचशी सोबत करत आजऱ्यावरून घाटमाथ्याकडे जातो. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोलीत वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे महादेवाच्या देवळामागच्या गुहेतून पाणी बाहेर येते आणि कुंडात पडते. हाच हिरण्यकेशीचा उगम. पुढे ती आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते आणि घटप्रभेतून कृष्णेला. एका आडवारी डिसेंबरमध्ये मी त्या कुंडाच्या काठावर बसले होते. तळाचा खडा न् खडा दिसत होता. माझ्या गावची नदी ती हीच, हे मनाला पटवून द्यावे लागले.

या कुंडातला एक मासा २०२० साली शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे त्याचे शास्त्रीय नाव. बोटभर लांबीचाही नसलेला, तळाच्या खड्यांतून वावरणारा, स्वच्छ वाहते पाणी लागणारा. गावकऱ्यांच्या लेखी तो ‘देवाचा मासा’. देवाचा म्हणून त्याला कोणी हात लावत नव्हते. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने उगमाचे २.११ हेक्टर क्षेत्र ‘जैविक वारसा स्थळ’ म्हणून जाहीर केले. माशाला नाव मिळाल्यावर काही महिन्यांतच त्याच्या घराला संरक्षण मिळावे, ही आपल्याकडे विरळा घडणारी गोष्ट. शासनाचे त्याबद्दल मनापासून कौतुक केले पाहिजे.

हे संरक्षण येते कुठून? जैविक विविधता कायदा, २००२ याच्या कलम ३७ मधून. या कलमानुसार राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादे क्षेत्र वारसा स्थळ ठरवू शकते. अभयारण्यात माणसाच्या वावरावर बंधने येतात. इथे माणूस आणि निसर्ग यांचे जुने नाते गृहीत धरता येते, म्हणून देऊळ आणि पूजा यांना त्यात जागा आहे. याच कलमात आणखी एक तरतूद आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. अशा घोषणेमुळे ज्यांचे आर्थिक नुकसान होईल, त्यांच्या भरपाईसाठी किंवा पुनर्वसनासाठी राज्य सरकारने योजना आखावी, असे कायदा सांगतो. म्हणजे वारसा राखण्याचा खर्च एकट्या गावाने सोसावा, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथल्या रानजायफळाच्या दलदलीच्या जंगलालाही असाच दर्जा मिळाला आहे. त्याचे क्षेत्र २.५९ हेक्टर. तेही देवराई म्हणून टिकले. दोन्हीकडे क्रम एकच: आधी देव, मग अभ्यासक, शेवटी शासन. देवाने जेवढे राखले होते, तेवढ्यालाच शासनाने कुंपण घातले. माझी शंका इथून सुरू होते.

देवाची हद्द कुंडापुरती असली तरी भागत होते, कारण वरचा डोंगर मोकळा होता. नदी मात्र कुंडात जन्मत नाही. आंबोलीच्या परिसरात माथ्यावर जांभ्या दगडाचे सडे आहेत. वरवर पाहता ओसाड, काळपट, पावसाळ्यात चार महिने फुलणारे. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्याच्या भेगांतून आत मुरतो, खालच्या घट्ट थरावर अडतो आणि उतार सापडेल तिथे झरा होऊन बाहेर पडतो. झऱ्याचा खरा पाणलोट असा वर आणि आत असतो. सात-बाऱ्यावर मात्र अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ म्हणून होते. जी जमीन कागदोपत्री निरुपयोगी, तिच्यावर बंगले बांधायला, खाण काढायला किंवा रस्ता न्यायला कोणाची हरकत असणार? माथ्यावर सिमेंट पसरले तर खालच्या २.११ हेक्टरांत एक विटही न हलता झरा आटू शकतो.

खात्याखात्यांतली फारकत हीसुद्धा अशीच अडचण. तीर्थस्थळाला निधी मिळाला की पहिल्यांदा फरशी येते, मग पायऱ्या, मग रंगीत दिवे. तळाच्या खड्यांत राहणाऱ्या माशाला गुळगुळीत काँक्रीटचा काय उपयोग? डासांच्या बंदोबस्तासाठी आरोग्य खाते ठिकठिकाणी गप्पी मासे सोडते. त्यामागचा हेतू चांगलाच आहे, पण हा मासा आपल्याकडचा नव्हे आणि उगमाच्या कुंडात तो उपराच ठरेल. एका खात्याने राखायचे आणि दुसऱ्याने अजाणता बिघडवायचे, हे टाळायचे तर कोणीतरी सगळी नदी एका नकाशावर पाहिली पाहिजे.

आपल्या देशात तसे पाहिले गेलेले आहे. सिक्कीमच्या ग्रामविकास खात्याने २००८ मध्ये ‘धारा विकास’ हा कार्यक्रम सुरू केला. आटत चाललेल्या झऱ्यांचे पाणी डोंगरात कुठे मुरते, याचा भूशास्त्रीय अंदाज घेऊन तिथे उतारावर चर खणले गेले आणि मजुरी रोजगार हमी योजनेतून दिली गेली. नवे खाते काढावे लागले नाही, हातातलाच पैसा झऱ्याच्या मुखाऐवजी डोंगरावर नेला. आंबोलीला मात्र त्याची नक्कल नको. सड्यावर चर खणणे म्हणजे तिथली वनस्पतिसृष्टी उद्ध्वस्त करणे. इथे बहुतेक ठिकाणी काहीही न करणे हेच काम आहे, आणि काहीही न करण्यासाठी सरकारी अंदाजपत्रकात रकाना नसतो.

संपूर्ण खोऱ्याला वारसा मानल्याचे उदाहरण हवे असेल तर कॅनडाकडे पाहावे लागते. तिथे १९८४ पासून ‘वारसा नद्यां’ची राष्ट्रीय योजना आहे. ओंटारिओ प्रांतातल्या ग्रँड नदीला १९९४ मध्ये हा मान मिळाला, तो तिच्या मोठ्या उपनद्यांसह. निसर्गाइतकेच महत्त्व काठावरच्या गिरण्या, पूल, गावे आणि मूळ रहिवाशांच्या वस्त्यांना दिले गेले. या मानाला कायद्याचे बळ नाही, कोणाला त्यावरून दंड होत नाही. खोऱ्यातल्या नगरपालिका मात्र नदीच्या कामासाठी १९३० च्या दशकापासून एकत्र येत होत्या. त्या सवयीवर ही योजना उभी राहिली. सगळे सुरळीत आहे असेही नाही. १७८४ मध्ये याच नदीकाठची जमीन ‘सिक्स नेशन्स’ या मूळ रहिवाशांच्या संघाला देण्यात आली होती आणि तिचा वाद आजही मिटलेला नाही. नदीचा वारसा म्हटला की जमिनीचा प्रश्न पाठोपाठ येतोच.

आंबोलीतही तो आहे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांतला कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न सावंतवाडी संस्थानच्या काळातल्या व्यवस्थेतून आलेला आणि कैक वर्षे रेंगाळलेला आहे. पिढ्यान् पिढ्या जी जमीन कसली, राखली, तिच्या कागदावर आपले नाव यावे म्हणून ज्यांनी हेलपाटे घातले, त्यांच्यापुढे संरक्षणाची नवी अधिसूचना ठेवली तर ते तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील? सड्याचे रक्षण करायचे तर तो कोणाचा आहे हे आधी ठरले पाहिजे. नाव लागलेला गावकर सडा विकूनही टाकेल, ही भीती मला पोकळ वाटत नाही. म्हणूनच भरपाईची ती तरतूद कामी आणायला हवी. सडा तसाच राखणाऱ्याला दरवर्षी काही मिळाले, आणि त्यात खालच्या गावांनी वाटा उचलला, तर व्यवहार न्यायाचा होईल. पाणी आम्ही पितो, ऊस आमचा पिकतो. मग राखणदारी फुकट का?

त्याच कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि आपल्या हद्दीतल्या जीवसृष्टीची व तिच्याविषयीच्या लोकज्ञानाची नोंदवही करायची असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, त्यानंतर दरमहा १० लाखांच्या भुर्दंडाची तंबी दिली, तेव्हा देशभर नोंदवह्या भराभर तयार झाल्या. नदीकाठच्या एका गावात मी ती वही पाहायला मागितली. कपाट उघडायला अर्धा तास गेला. वहीत माशांच्या पानावर चार नावे होती, चारही बाजारात मिळणाऱ्या माशांची. त्याच गावात एका म्हाताऱ्या बाबांनी ओट्यावर बसल्या बसल्या मला चौदा नावे सांगितली, आणि त्यातले कुठले आता दिसत नाहीत, तेही.

ती चौदा नावे त्या वहीत जायला निधी लागत नाही. समितीची एक बैठक त्या ओट्यावर झाली तरी पुरे. उगमापासून संकेश्वरापर्यंतच्या समित्यांनी आपापल्या वह्या एकत्र ठेवल्या, तर हिरण्यकेशीचा पहिला नकाशा त्यातून तयार होईल. शासनाकडे मागणी करताना तो हातात असावा. आंबोलीहून परतताना मी गडहिंग्लजच्या पुलावर थांबले. बरगे घातलेले होते, पाणी उभे होते, तळ दिसत नव्हता. पण सकाळी पाहिलेले पाणी हेच, एवढे आता मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या समितीची वही पाहायला मिळावी म्हणून मी अर्ज लिहिला.