चाळीस रुपयांचा मजकूर

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या चौकात संध्याकाळी भाजीच्या गाड्यांवर झुंबड उडते. कोथिंबिरीची जुडी आणि पाव किलो मिरची पिशवीत पडते, गिऱ्हाईक गाडीला अडकवलेल्या क्यूआर कोडवर फोन धरतं, पिन टाकतं आणि काही सेकंदांत भाजीवाल्याचा स्पीकर चाळीस रुपये आल्याचं मोठ्यानं सांगतो. तेवढ्या वेळात त्या ४० रुपयांबद्दलचा मजकूर अनेकदा लिहिला आणि वाचला गेलेला असतो. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. त्याच्या तांत्रिक आराखड्यात बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था यांच्यातले संदेश एक्सएमएल या स्वरूपात ठरवलेले आहेत. गिऱ्हाइकाच्या अ‍ॅपमागे उभा असलेला बँकेचा सर्व्हर पैसे देण्याची विनंती लिहून पाठवतो. एनपीसीआय घेणाऱ्याचा पत्ता पडताळून घेतं, एका बँकेला रक्कम वजा करायला आणि दुसरीला जमा करायला सांगतं. उत्तरंही तशीच लेखी येतात.

हे लेखन प्रोग्रॅम करतो. त्याच्या स्मृतीत जे असतं ते मजकुरात उतरवणं ही संगणकशास्त्रातली एक मूलभूत क्रिया आहे. पुण्याच्या आयटी कंपन्यांत तिला ‘सिरियलायझेशन’ म्हणतात, जावावाले ‘मार्शलिंग’ म्हणतात. बाहेरून ती अगदी यांत्रिक वाटते. पण सार्वजनिक व्यवहारांतला माहितीचा खरेपणा ज्या ठिकाणी टिकतो किंवा निसटतो, ते ठिकाण हेच आहे.

स्मृतीतून कागदावर

प्रोग्रॅम चालू असताना एक व्यवहार म्हणजे एक ‘ऑब्जेक्ट’ असतो. त्यात रक्कम असते, वेळ असते, देणारा आणि घेणारा असतो. मात्र ही माहिती एका जागी सलग नसते. व्यवहाराच्या ऑब्जेक्टमध्ये देणाऱ्याची माहिती नसून ती स्मृतीत कुठे ठेवली आहे त्या जागेचा क्रमांक असतो. त्या जागी गेलं की खात्याचा क्रमांक सापडतो, तिथून बँकेचा. विश्रांतवाडीत राहणाऱ्याला ‘देवळामागचं तिसरं घर’ एवढं पुरतं, पण नागपूरहून पत्र लिहिणाऱ्याला ४११०१५ या पिनकोडसकट पूर्ण पत्ता लागतो. स्मृतीतले क्रमांक हे असे गल्लीतले पत्ते आहेत. दुसऱ्या संगणकावर त्यांना काहीही अर्थ नाही.

म्हणून पाठवणारा प्रोग्रॅम, म्हणजे नेटवर्कवरून निरोपांना उत्तर देणाऱ्या ‘वेब सर्व्हिस’चा क्लायंट, एकेका पत्त्यामागे जातो, तिथे जे सापडेल ते उचलतो आणि नाव लावून ओळीत मांडतो. समजण्यापुरता एक नमुना असा:

<देयक>
<देणारा>मीरा</देणारा>
<घेणारा>ताजी भाजी</घेणारा>
<रक्कम चलन="रुपये">४०.००</रक्कम>
<वेळ>१८:४२:०५+०५:३०</वेळ>
</देयक>

प्रत्यक्षातल्या खुणा, म्हणजे कोनी कंसांतली नावं, रोमन लिपीत असतात. तरी देवनागरीत लिहिलेल्या या खुणाही एक्सएमएलच्या नियमांत चोख बसतात, कारण हे नियम करणाऱ्यांनी सुरुवातीपासून युनिकोडचा पाया घेतला. खुणा लावण्याच्या विचाराचं मूळ आयबीएममध्ये आहे. १९६९ मध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी दस्तऐवजातल्या प्रत्येक भागाला त्याच्या अर्थाची खूण लावण्याची पद्धत तिथे बसवली. १९८६ मध्ये तिच्यातून एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झालं आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी त्याचं सुटसुटीत रूप एक्सएमएल १.० म्हणून जाहीर झालं. दोन वर्षांत त्यावर उभा राहिलेला ‘सोप’ हा संदेशांचा आराखडा आला आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांची यंत्रं एकमेकांशी एक्सएमएलमध्ये बोलू लागली.

प्रोग्रॅमरला दर वेळी हे हातानं लिहावं लागत नाही. सेवा देणारी संस्था ‘विझडल’ नावाची फाइल देते. कोणता निरोप पाठवता येईल, त्यात कोणते रकाने असतील, हे तिच्यात नमूद असतं. त्या फाइलवरून क्लायंटच्या बाजूचे क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचे साचे, आपोआप जनरेट करता येतात. कोणता रकाना कोणत्या खुणेत जाईल हे क्लासवर छोट्या सूचना लिहून ठरतं आणि उतरवण्याचं काम लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅमसंच, करते.

जिथे अर्थ निसटतो

लायब्ररी सांगितलं तेवढंच करते, आणि सांगताना राहून गेलेल्या गोष्टी महागात पडतात. रकमेचंच घ्या. जावामध्ये रक्कम ‘डबल’ या अपूर्णांक साठवणाऱ्या प्रकारात ठेवली आणि ती सरळ मजकुरात उतरवली, तर ९९ लाख रुपयांपर्यंत आकडा नेहमीसारखा दिसतो. नेमक्या एक कोटीला तो ‘१.०ई७’ असा शास्त्रीय पद्धतीनं उमटतो. पलीकडचा प्रोग्रॅम साध्या दशांश संख्येची वाट पाहत असेल तर हा निरोप परत येतो. शिवाय हा प्रकार दहा पैशांसारखा अपूर्णांकही तंतोतंत साठवू शकत नाही. पैशांसाठी वेगळा, अचूक दशांश प्रकार वापरायचा हा नियम त्यातून आला.

दुसरी अडचण थेट मराठी माणसाच्या फोनशी जोडलेली आहे. अँड्रॉइड फोनची भाषा मराठी ठेवली आणि प्रोग्रॅमरनं आकडा मजकुरात बदलताना भाषा नेमून दिली नाही, तर फोन आपल्या सेटिंगप्रमाणे देवनागरी अंक लिहू शकतो. वरच्या नमुन्यातले अंक वाचकांसाठी देवनागरीत छापले आहेत. एक्सएमएलच्या नियमांतल्या दशांश संख्येला मात्र फक्त आंतरराष्ट्रीय अंक चालतात. पडद्यावर ‘४०’ दिसणं योग्यच आहे, निरोपात ते जाणं चूक आहे. इंग्रजी फोनवर तपासलेलं अ‍ॅप मराठी फोनवर अडतं ते अशा वेळी.

तिसरी गोष्ट अक्षरांची. ‘विश्रांतवाडी’ हा शब्द आपण पाच अक्षरांचा म्हणून वाचतो. युनिकोडमध्ये व्यंजनं, मात्रा, हलन्त आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. तिथे तो बारा चिन्हांचा होतो आणि यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्यानं ३६ बाइट व्यापतो. इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून कुणी गावाच्या रकान्याला २० बाइटची मर्यादा घातली, तर ‘विश्रा’पर्यंतची सहा चिन्हं नीट जातात आणि सातवं, म्हणजे अनुस्वार, मध्येच तुटतं. तुटलेल्या बाइटचा एक्सएमएल निरोप वाचणारं यंत्र तेवढाच रकाना सोडून पुढे जात नाही, सगळा निरोप नाकारतं.

दुकानाच्या पाटीवरचं ‘&’ हे चिन्हही असंच जपावं लागतं, कारण एक्सएमएलमध्ये त्याला खास अर्थ आहे. ते चिन्ह जसंच्या तसं गेलं की निरोप अवैध ठरतो, म्हणून त्याच्या जागी त्याचा ३८ हा क्रमांक ठरलेल्या पद्धतीनं लिहितात. लायब्ररी हे स्वतः करते. मजकुराचे तुकडे हातानं जोडून एक्सएमएल बनवणारा प्रोग्रॅम ते विसरतो. पुण्याचा ०२० हा एसटीडी कोड संख्या म्हणून साठवला तर सुरुवातीचं शून्य गळतं. वेळेसोबत ‘+०५:३०’ लिहिलं नाही तर ती वेळ भारतातली की ग्रीनिचची हे कळत नाही. रकाना नसणं, रकाना रिकामा असणं आणि त्यात ‘मूल्य नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. खात्यातून खातेदाराकडे आणि खातेदारातून पुन्हा त्याच खात्याकडे जाणारा पत्ता असेल, तर कुठे थांबायचं हे प्रोग्रॅमरनं सांगावंच लागतं. नाहीतर उतरवण्याचं काम त्या फेऱ्यात अडकतं.

करार आणि सही

या सगळ्यावरचा इलाज म्हणजे आधी लिहून ठेवलेला करार. २००१ मध्ये ‘एक्सएमएल स्कीमा’ मानक झालं. कोणता रकाना सक्तीचा, कोणता किती वेळा येईल, रक्कम संख्याच हवी, हे त्यात यंत्राला वाचता येईल असं लिहिता येतं. क्लायंटनं निरोप पाठवण्यापूर्वी स्कीमाशी ताडून पाहिला तर यातल्या बऱ्याच चुका दारातच अडतात.

पैशांच्या व्यवहारात त्यापुढे डिजिटल सहीही लागते. सही मजकुराच्या गणिती सारांशावर होते आणि एक अक्षर बदललं तरी हा सारांश बदलतो. एकाच निरोपात गुणधर्मांचा (वरच्या नमुन्यातलं ‘चलन’ हा असा गुणधर्म) क्रम मागेपुढे झाला तरी अर्थ तोच राहतो, म्हणून सही करण्यापूर्वी निरोप एका ठरीव रूपात आणण्याचे नियम आहेत. हे नियम खुणेच्या आतल्या गुणधर्मांचा क्रम लावून देतात, पण दोन खुणांमधली मोकळी ओळ मजकुराचाच भाग मानतात. त्यामुळे सही झाल्यावर कुणी वाचायला सोपं जावं म्हणून ओळी सुबक मांडल्या तर सही खोटी ठरते.

सही केलेलं एक्सएमएल सामान्य नागरिकाच्या हातातही आहे. आधारच्या संकेतस्थळावरून मिळणारी ऑफलाइन ई-केवायसी फाइल म्हणजे आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असलेला एक्सएमएल मजकूर आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो त्यात असतो, आधार क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक असतात. फाइल घेणाऱ्याला ती खरी आहे का, हे इंटरनेटशिवाय तपासता येतं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, त्या योजनेचा हा पुढचा टप्पा.

आता नव्या सेवा बहुतेक जेसॉन या आटोपशीर स्वरूपात लिहिल्या जातात. आयकर विवरणाच्या ऑफलाइन फाइलींनीही २०२१ मध्ये एक्सएमएल सोडून जेसॉन घेतलं. स्वरूप बदललं तरी वरचे बरेच प्रश्न बदलत नाहीत. देवनागरी अंक, तुटलेला अनुस्वार आणि गळलेलं शून्य तिथेही तसंच वाट पाहत असतं. एक्सएमएलही गेलेलं नाही. वर्डची डॉक्स फाइल झिप म्हणून उघडून पाहा, आत एक्सएमएलच्याच फाइली दिसतील.

विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर इथून रोज सकाळी येरवडा-खराडीकडे निघणाऱ्या गर्दीत असे क्लायंट लिहिणारे आणि तपासणारे हात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे एक मागणं आहे. तपासणीच्या नमुन्यांत जोडाक्षरांची मराठी नावं असू द्या, पूर्ण एक कोटीची रक्कम असू द्या, ‘&’ असलेलं दुकान असू द्या आणि मराठी भाषेवर ठेवलेला एक फोन असू द्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकात हे सगळं रोज घडतं, म्हणून तपासणीच्या यादीत त्याची जागा पहिली असायला हवी.