खेळाचे बूट आणि वाढता पाय

मुलांचे खेळाचे बूट झिजण्याआधी आखूड होतात. पाच ते बारा या वयात पावलाची लांबी वर्षाला साधारण ९ मिलिमीटरने वाढते आणि आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात दोन लागोपाठच्या नंबरांत साडेआठ मिलिमीटरांच्या आसपास फरक असतो. म्हणजे वर्षाला सुमारे एक नंबर. त्याहून लहान मुलांचा पाय आणखी भराभर वाढतो.

म्हणूनच जूनमध्ये शाळा उघडताना ‘वाढता पाय आहे, दोन नंबर मोठेच द्या’ असे दुकानात हमखास ऐकू येते. महागाईत ते समजण्यासारखे असले, तरी खेळाच्या बुटांबाबत ही काटकसर अंगाशी येते. ढगळ बुटात पाऊल पुढेमागे सरकते, टाच घासून फोड येतात, बूट निसटू नये म्हणून मूल बोटे आवळून धावते. बूट वाकतो ती जागा आणि चवडा वाकतो ती जागा जुळत नाही, त्यामुळे अडखळणेही वाढते. घट्ट बुटात नखे काळी पडतात, अंगठ्याचे नख मांसात रुतते. वाढीसाठी जागा हवी ती फक्त बोटांच्या पुढे, आणि तीही सुमारे एक सेंटिमीटर. टाच आणि पावलाचा मधला भाग बुटात नीट बसलाच पाहिजे.

ही जागा बाहेरून दाबून पाहण्याची पद्धत फसवी आहे, कारण टोकावर दाब आला की मूल नकळत बोटे आत ओढते. बुटातला सुटा तळ बाहेर काढून मुलाला त्यावर उभे करणे अधिक खात्रीचे. टाच मागच्या कडेला टेकवावी, भार दोन्ही पायांवर असावा आणि सर्वांत लांब बोटापुढे किती जागा उरते ते पाहावे. हे बोट अंगठाच असेल असे नाही. कित्येकांचे दुसरे बोट लांब असते. तळ निघत नसेल तर पुठ्ठ्यावर पाऊल आखून, पुढे एक सेंटिमीटर वाढवून कापावे आणि तो पुठ्ठा बुटात सरकवावा. तो दुमडला तर बूट लहान. माप संध्याकाळी, खेळताना वापरायचे मोजे चढवून घ्यावे आणि मोठ्या पायाचे धरावे. नुसत्या नंबरावर विसंबू नये. लहान मुलांचे ब्रिटिश नंबर १३ नंतर पुन्हा १ पासून सुरू होतात आणि एकाच नंबराचे दोन कंपन्यांचे बूट सारखे नसतात.

बूट चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. टाचेमागचा भाग दाबल्यावर सहज चेपू नये. धावण्याचे बूट सरळ पुढे जाण्यासाठी घडवलेले असतात. बॅडमिंटन किंवा बास्केटबॉलमध्ये बाजूला झेपावे लागते, तिथे उंच, मऊ तळ घोटा मुरगळायला निमित्त होतो. पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट कवायतीला पुरतात, सिमेंटच्या मैदानावर रोज तासभर धावायला नाहीत. आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते. सततच्या उड्यांनी तिथली कूर्चा दुखरी होते आणि पातळ, कडक तळाने ते दुखणे वाढते.

‘पायाला कमान यावी’ म्हणून महागडे बूट घेण्याची गरज मात्र नसते. लहानपणी पाऊल सपाट दिसणे बहुतेकदा स्वाभाविकच असते. राव आणि जोसेफ यांनी भारतातील २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचे प्रमाण ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. घरात अनवाणी वावरू द्यावे, त्यात भलेच आहे.

तळ काढून पाहण्याची तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी करावी. मूल तक्रार करेल म्हणून थांबू नये. लहान मुलांना बूट चावतो हे बरेचदा उमगत नाही. रोज सराव करणाऱ्याच्या बुटाचा फोम आखूड होण्याआधीच दबतो. बाजूने आडव्या सुरकुत्या दिसतात, टेबलावर ठेवल्यावर बूट एका अंगाला कलतो. असा कललेला बूट धाकट्या भावंडाला देऊ नये, कारण तो मोठ्याच्या चालीप्रमाणे झिजलेला असतो. फारसा न वापरलेला खुशाल द्यावा. पावसात भिजलेले बूट तळ काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवावेत. चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवल्यास डिंक सुटतो. बूट बदलूनही टाच दुखत राहिली, मूल लंगडू लागले किंवा एकाच पायाची तक्रार कायम राहिली, तर आणखी एक जोड घेण्याऐवजी अस्थिरोगतज्ज्ञांना पाय दाखवावा.