टाटा करून जा, सटकू नका!

‘तिचं लक्ष नाही तोवर सटक बघू!’ हे वाक्य आपल्याकडे कुठल्या घरात ऐकू येत नाही? आजी खिडकीतला काऊ दाखवते, सूनबाई चपला हातात घेऊन मागच्या दाराने पसार! रडारड टळली म्हणून दोघीही खूश. बाळ मात्र थोड्या वेळाने मागे वळून बघतं, तर आई गायब.

आमच्या वस्तीतल्या पाळणाघरात मी गेली काही वर्षं जाते. तिथे १४ महिन्यांची एक मुलगी यायची. आई चार घरी पोळ्या करणारी, रोज अशीच सटकायची. आठ-दहा दिवसांत मुलगी खेळेनाशीच झाली. खुळखुळा हातात, डोळे दाराकडे. घरीही पदर सोडेना. ‘लय लाडावली हो ताई ही,’ आई म्हणाली. लाड कसले! आई कधी नाहीशी होईल याचा नेम नाही म्हटल्यावर लेकरू पहारा देणारच ना?

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षभराच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला. अनोळखी खोलीत आई बाळाला ठेवून बाहेर जाते, जेमतेम तीन मिनिटं, आणि परत येते. आई गेल्यावर बाळ रडलं का, यापेक्षा ती आल्यावर ते काय करतं, हे बाईंनी बारकाईने पाहिलं. ज्यांना आईची खात्री होती ती बाळं रडली, तरी तिला बिलगून शांत झाली आणि पुन्हा खेळायला लागली. काही मात्र रडलीच नाहीत. आई आल्यावरही तोंड फिरवून खेळण्यात दंग. आपण म्हणू, काय गुणी बाळ! पण पुढे १९७०च्या दशकात अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते चांगलेच वाढलेले.

त्या आईला आम्ही एवढंच सांगितलं, की तिला जवळ घे, ‘आई कामाला जाते, तुझी झोप झाली की येते’ असं सांग, टाटा कर आणि नीघ. दारातून दहादा मागे फिरू नकोस. पहिले काही दिवस पोरीने पाळणाघर डोक्यावर घेतलं. पण रोज त्याच मावशी तिला कडेवर घ्यायच्या, जवळ आईच्या जुन्या साडीचं दुपटं. हळूहळू रडणं दोन-चार मिनिटांवर आलं आणि ठोकळे बाहेर निघाले.

आणि हो, ही खात्री आईनेच द्यायची असं मुळीच नाही. (नोकरीवाल्या सुनेला टोमणे मारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं!) शाफर आणि इमर्सन यांनी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला ६० बाळांचा अभ्यास केला, तो १९६४ साली प्रसिद्ध झाला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या बहुतेकांचा जीव एकाहून जास्त माणसांवर जडलेला होता. बाबा, आजी, मावशी कुणीही चालतं, पण ते माणूस रोजचं हवं, सारखं बदलणारं नको.

म्हणून पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या मिकी माउसवर भाळू नका. सांभाळणाऱ्या मावशी किती वर्षं तिथे आहेत, एकीकडे किती मुलं असतात, ते विचारा. आणि त्यांना पगार किती मिळतो, तेही.